छाननीवर छाननी

जुन्नरहून घाटघरच्या वाटेने नाणेघाटात उतरले की तोंडाशीच एक लेणे लागते. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. इतिहासवाले त्यात सातवाहनांची वंशावळ शोधतात. गणितवाले तिथल्या अंकांकडे बघतात, कारण भारतातल्या अतिप्राचीन अंकचिन्हांपैकी बरीचशी याच भिंतीवर आहेत. सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवलेल्या माणसाने मात्र हा लेख देयकांची नोंदवही म्हणून वाचावा. अमुक यज्ञ केला, दक्षिणा दिली : बारा गायी, एक घोडा. तमुक यज्ञ केला, दक्षिणा दिली : चोवीस हजार चारशे कार्षापण नाणी. नोंद दोन हजार वर्षांपूर्वीची. देण्याचे निमित्त लिहिलेले आहे, आकडा आहे. घेणाऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मात्र जोडलेला नाही, ‘मूळ प्रत पाहिली’ असा शिक्का नाही, आणि घोडा नेमका कोणाच्या खात्यावर जमा झाला याचाही पत्ता लागत नाही. आजचा एखादा लेखापरीक्षक त्या लेण्यात शिरला, तर आक्षेप लिहिता लिहिता त्याचा पावसाळा तिथेच जाईल.

पुढच्या काळात देणाऱ्याचा घेणाऱ्यावरचा विश्वास आटत गेला आणि मधली टेबले वाढत गेली. त्याची सलग हकिगत पुण्यात सापडते. श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटायची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि ती प्रथा पेशव्यांकडे, म्हणजे पुण्याला आली. गर्दी इतकी वाढली की पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे बंदिस्त आवार बांधावे लागले. शास्त्र जाणणाऱ्यांची परीक्षा व्हायची आणि वकुबाप्रमाणे रक्कम ठरायची. बाकीच्यांनी रमण्यात जमायचे. म्हणजे ‘गुणवत्ताधारक’ आणि ‘सरसकट’ हे दोन रकाने शनिवारवाड्याच्या अमदानीतच आखून झाले होते. इंग्रज आल्यावर एल्फिन्स्टनने प्रथा मोडली नाही, पण रकमेला वर्षाला पन्नास हजारांचे कुंपण घातले. त्यातल्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने नव्या मंडळींनी अर्ज केला की, हा पैसा मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना द्या. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी आली. आता लेखकाने हस्तलिखित पाठवायचे, सभासदांनी वाचायचे, मत द्यायचे आणि मग बक्षीस. आजच्या अर्थाने ज्याला निवड समिती म्हणावे, ती महाराष्ट्राने अशी पाहिली.

या समितीकडे १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवले. विषय शिक्षणाचा. समितीने ते पत्करले नाही. समितीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले. आजच्या पोर्टलच्या भाषेत सांगायचे तर अर्जाची स्थिती : एकशे चोवीस वर्षे प्रलंबित.

याच्या उलट १९१३ ची गोष्ट. मुंबईच्या एका तरुण पदवीधराला परदेशी शिकायला जायचे होते. तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना भेटला. महाराजांनी काय शिकणार, शिकून काय करणार, असे विचारले. ४ जूनला करारावर सही झाली : तीन वर्षे महिन्याला साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. टप्पे दोन, भेट आणि करार. तो तरुण, म्हणजे भीमराव आंबेडकर, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. त्याच्याकडे तेव्हा नॉन-क्रिमिलेअर मागितले असते, तर भारताच्या घटनेचे काय झाले असते, याची कल्पना शिष्यवृत्ती विभागातल्या माणसाने करू नये. रात्रीची झोप उडेल.

आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, दलित विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ मध्ये ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली, आणि तिथून ही कथा पुन्हा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात येते. कारण या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम पट्टा महादेव कोळी आणि ठाकरांचा आहे. पुणे जिल्ह्याचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प पुण्यात नसून घोडेगावात आहे, ही एक भूषणाची बाब. त्यातून एक गंमत होते. भीमाशंकरच्या बाजूची मुलगी एसटीने मंचरमार्गे पुण्याला कॉलेजात जाते. तिथे अर्ज भरते. अर्ज तपासायला घोडेगावला येतो. मुलगी दिवाळीला घरी येईपर्यंत अर्ज तिच्या आधी तालुक्याच्या गावी येऊन, त्रुटी काढून घेऊन, माघारी पुण्याला गेलेला असतो.

आता हे सगळे ऑनलाइन आहे. २०१७-१८ मध्ये महाडीबीटी पोर्टल आले. पहिल्याच वर्षी ते इतके अडखळले की त्या वर्षीचे अर्ज पुन्हा कागदावर घ्यायची वेळ आली. पुढे ते चालू लागले. पोर्टल आणण्यामागे कारणही सबळ होते. शिष्यवृत्तीच्या पैशात संस्थांनीच हात मारल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या होत्या की २०१६ मध्ये चौकशीसाठी विशेष कृती दल नेमावे लागले. संस्थांनी गडबड केली म्हणून तपासणी कडक झाली. आणि कडक तपासणीचा पहिला टप्पा कुठे ठेवला? संस्थेत. तिथला लिपिक अर्ज उघडतो, मग प्राचार्य उघडतात, मग प्रकल्प कार्यालय उघडते, मग मंजुरी, मग देयक, मग आधारला जोडलेले खाते.

अर्ज भरणे हे काम जून-जुलैच्या पावसात सुरू होते आणि सायबरवाल्याच्या दुकानात होते. कागद : जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आणि प्रवेश घेतल्याची पावती. प्रत्येक कागद स्कॅन करून २५६ केबीच्या आत बसवायचा. आजोबांच्या काळातला जीर्ण दाखला २५६ केबीत कोंबला की त्यावरची शाई आधी जाते आणि आजोबा नंतर. मग अर्ज ‘बॅक’ येतो. कॉलेजच्या खिडकीवर ऑगस्ट-सप्टेंबरात रोज ऐकू येणारा संवाद असा असतो :

“सर, माझा फॉर्म बॅक आलाय.”

“कशामुळे?”

“तेच विचारायला आले. ‘डॉक्युमेंट नॉट प्रॉपर’ एवढंच दिसतंय.”

“मग प्रॉपर डॉक्युमेंट टाक की.”

“कुठलं, सर?”

“जे प्रॉपर नाहीये ते.”

यात खिडकीमागच्या सरांचा दोष नाही. त्यांनाही वरून तेवढेच दिसते. शिवाय परीक्षा फॉर्म, बोनाफाइड, बसपास आणि हरवलेली ओळखपत्रे हे सगळे त्यांना याच खिडकीवर सांभाळायचे असते. शिष्यवृत्ती हे त्यांचे ‘जादा काम’. महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्तीच्या अख्ख्या इमारतीचा भार या जादा कामावर आहे, हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नाही, पण खिडकीपुढच्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सर्वात रंजक कागद उत्पन्नाचा. या शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. आता डोंगरातल्या घराचे उत्पन्न म्हणजे काय? पावसाळ्यात भात, बाकी वेळ मजुरी आणि झाडावरचा हिरडा. हिरड्याचे पैसे भावावर अवलंबून, भाव व्यापाऱ्याच्या मर्जीवर, आणि झाड वाऱ्याच्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले आणि या पट्ट्यातली हिरड्याची झाडे उन्मळली. त्या वर्षीचे उत्पन्न विचारले तर बाप खरे सांगतो, “काय उरलंय, भाऊसाहेब?” पण दाखल्यावर ‘काय उरलंय’ असे लिहिता येत नाही, आकडा लागतो. मग सेतू केंद्रातला दादाच विचारतो, “मागच्या वर्षी किती टाकला होता? त्यात दोन हजार वाढवू.” असा हिशेब बसतो. तो दाखला तहसील कार्यालयातून डिजिटल सहीने येतो, पुढची सगळी टेबले त्याच्यावरचा क्यूआर कोड तपासतात, आणि कोड खरा निघतो. कोड खरा आहे, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नसते.

बापाचे नाव हा दुसरा सापळा. आधारवर ‘किसन’, सातबाऱ्यावर ‘कृष्णा’, मुलीच्या गुणपत्रिकेवर ‘किशन’. गावात हे तिन्ही एकच आहेत, हे शेंबडे पोरही सांगेल. संगणकाच्या लेखी ती तीन माणसे आहेत आणि त्यातला एकही मुलीचा बाप असल्याचे सिद्ध होत नाही. मग प्रतिज्ञापत्र. मग तलाठ्याचा पंचनामा. त्या तलाठ्याचेही नाव सरकारने २०२४ मध्ये बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले. त्यांच्याकडून मात्र कोणी प्रतिज्ञापत्र मागितले नाही, आणि गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणते.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? केंद्राने २०१० मध्ये ठरवलेल्या दरांत, वसतिगृहात न राहणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता महिन्याला २३० रुपये. वर्षाच्या दहा महिन्यांचे २३०० रुपये. त्यातून सेतूची फी, झेरॉक्स, सायबरवाल्याचे पैसे आणि तालुक्याच्या खेपा वजा करायच्या. मुलगी असेल तर एसटीत मार्च २०२३ पासून हाफ तिकीट आहे, तेवढाच फायदा. पोराने अर्ज भरला तर तिकीट फुल लागते, आणि भत्त्यातले उरते काय हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको.

मोठ्या अभ्यासक्रमाला गेले की जात वैधता लागते. म्हणजे तहसीलमधून, प्रांतांच्या सहीने मिळालेला दाखला खरा आहे, असा आणखी एक दाखला. या दाखल्यावरच्या दाखल्याच्या आजच्या पद्धतीचा उगम जुन्नर-आंबेगावशी विलक्षण जवळचा आहे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्याचा निकाल दिला. वाद होता महादेव कोळी असल्याच्या दाव्याचा. वैद्यकीय प्रवेशासाठी केलेला तो दावा न्यायालयाने फेटाळला आणि अशा दाव्यांची तपासणी कशी करावी याची पंधरा कलमी पद्धत घालून दिली : तीन जणांची समिती, तिच्या हाताशी दक्षता पथक, पथकाच्या प्रमुखपदी पोलिस उपअधीक्षक. पुढे महाराष्ट्राने त्याचा कायदाच केला, २००१ चा अधिनियम २३. खोट्या महादेव कोळ्यांना रोखण्यासाठी बांधलेल्या या बंधाऱ्यात सर्वात जास्त अडकले कोण, तर खरे महादेव कोळी. कारण दारात येऊन उभे राहणारे बहुतेक तेच.

दक्षता पथकाला जी चौकशी करायची असते त्यात देव कोणते, लग्न कसे लागते, मयताचे विधी काय, हेही येते. याला ‘आप्तभाव चाचणी’ म्हणतात. कल्पना करावी : कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागलेली मुलगी, आणि तिच्यासमोर पोलिस खात्यातले साहेब विचारताहेत, “तुमचा देव कुठला?” ती म्हणते, “वरसूबाई.” “आणखी?” “वाघोबा.” “लग्नात काय काय करता?” इथे मुलगी गडबडते. कारण गेल्या वर्षी मावशीचे लग्न नारायणगावच्या मंगल कार्यालयात झाले आणि तिथे डीजे होता. डीजे लावणारी जमात अनुसूचित यादीत नाही. थोरली आजी सगळे गाणे म्हणून दाखवेल, पण अर्ज आजीचा नाही. शेवटी २४ मार्च २०२३ ला, ठाकर जमातीच्या संघटनेनेच नेलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की ही आप्तभाव चाचणी म्हणजे काही अंतिम कसोटी नव्हे. जुने कागद भक्कम असतील तर गाणे येत नाही म्हणून माणूस जातीबाहेर जात नाही.

या सगळ्या टेबलांचे एक वैशिष्ट्य नजरेतून सुटू नये. टेबले पाच असली तरी प्रश्न एकच आहे : कागद पुरे आहेत का? लिपिक तेच बघतो, प्राचार्य तेच बघतात, प्रकल्प कार्यालय तेच बघते. पाचही जण तीच २५६ केबीची फाइल उघडतात. पहिल्याने ती नीट बघितली असेल तर उरलेल्या चौघांचा वेळ वाया, आणि नसेल बघितली तर उरलेले चौघे पहिल्याने बघितलीच असणार या भरवशावर टिचकी मारतात.

टप्प्याटप्प्याने काम कसे करावे, हे जगाला शिकवणारी माणसे याच मातीतली आहेत, ही त्यातली खरी मौज. मुंबईचे डबेवाले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले इथले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेले हे काम हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये अभ्यासाला लावले. डबा चार हातांतून जातो. एक घरून उचलतो, दुसरा स्टेशनवर वर्गवारी करतो, तिसरा लोकलमधून नेतो, चौथा टेबलावर ठेवतो. झाकणावर रंग, अक्षर आणि आकडा : कुठून निघाला, कुठल्या स्टेशनला उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला. चौघांची कामे चार, एकाचे दुसऱ्यात नाही, आणि झाकण कोणीच उघडत नाही. शिष्यवृत्तीची पद्धत तिथे लावली असती तर अंधेरीला पोळ्या मोजल्या गेल्या असत्या, दादरला पुन्हा मोजल्या असत्या, चर्चगेटला भाजीची साक्षांकित प्रत मागितली असती, आणि रात्री आठ वाजता साहेबांच्या टेबलावर रिकामा डबा पोचला असता; शेरा : ‘पोळी एक कमी, त्रुटीपूर्तता करून पुनश्च सादर करावे.’

तपासणीच नको, असे कोणी म्हणत नाही. पण हुशार तपासनीस जास्त नेमले की निवड अचूक होते, या समजुतीलाही अमेरिकेत तडा गेला आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे संशोधनासाठी अनुदान मागणारे पंचवीस अर्ज त्रेचाळीस जाणकारांना वाचायला दिले गेले. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला. एकाच अर्जावर दोन जाणकारांचे मत जुळण्याची शक्यता, आणि दोन वेगळ्या अर्जांवरचे मत जुळण्याची शक्यता, यांत फरकच नव्हता. सगळे जाणकार प्रामाणिक होते. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने तर काही अनुदानांसाठी २०१३ पासून सरळ चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली : आधी अर्ज पात्र आहे की नाही एवढेच बघायचे, मग पात्रांतून सोडत. हे वाचून न्यूझीलंडचे कौतुक करण्याआधी आठवावे की, आपल्याकडे सरपंचपदाचे आरक्षण एखाद्या शाळकरी पोराच्या हातून चिठ्ठी काढून ठरते, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांतले शाळाप्रवेशही सोडतीनेच होतात. त्या निकालावर कोणी ‘गुणांकन चुकले’ म्हणत नाही. नशिबाला अपील नसते.

सरकारी टेबले सोडा, स्वतःच्या पैशाने शिष्यवृत्ती द्यायला निघालेली माणसेही याच रस्त्याने जातात. तालुक्यातल्या कुठल्याही गावाच्या मुंबईकर मंडळाची बैठक डोळ्यांसमोर आणावी. एप्रिल महिना, गावची यात्रा. मुंबईचे डबेसुद्धा यात्रेसाठी आठवडाभर बंद राहतात, त्यामुळे सगळे मुंबईकर गावात. देवळाच्या सभामंडपात सतरंजी. मंडळाने वर्गणी जमवली आहे, गावच्या होतकरू मुलांना शिष्यवृत्ती द्यायची आहे. पहिल्याच मिनिटाला कोणीतरी उठतो, “पारदर्शक झालं पाहिजे.” सगळे माना डोलावतात. पारदर्शक या शब्दाला विरोध करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

पारदर्शकतेसाठी समिती. समितीत कोण? गावात चार वाड्या. एका वाडीचा माणूस घेतला की उरलेल्या तीन वाड्या बघत राहतात. म्हणून चार समित्या : अर्ज छाननी समिती, गुणांकन समिती, मुलाखत समिती आणि अंतिम निवड समिती. बाहेरच्याला वाटते, काय बारकाईने विचार केलाय! प्रत्यक्षात विचार विद्यार्थ्यांचा कमी आणि खुर्च्यांचा जास्त झालेला असतो. टप्पे किती ठेवावेत याचे शास्त्रीय उत्तर या भागात तरी असे आहे : रुसणारी माणसे मोजावीत.

मग गुणांकन. शंभर गुण : परीक्षेचे चाळीस, घरची परिस्थिती तीस, मुलाखत वीस, वर्तणूक दहा. वर्तणुकीचे दहा कोण देणार, यावर पाऊण तास जातो. एक जण म्हणतो, पोराने पारावर बसून मोबाइल बघितला की दोन वजा. दुसरा म्हणतो, मग तुझ्या पोराचे उणे चाळीस होतील. गुरुजी मध्ये पडतात. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, पेपर तपासण्यात हयात गेलेली.

“असं करा,” गुरुजी म्हणतात, “अर्जावरचं नाव झाका. दोघांनी वेगवेगळं वाचा. एकाने फक्त परिस्थिती बघायची, दुसऱ्याने फक्त अभ्यास. एकमेकांचे गुण एकमेकांना दाखवायचे नाहीत. बस्स.”

“नाव झाकून काय होणार, गुरुजी? अक्षर ओळखू येतं की.”

“मग टाइप करून घ्या.”

“पत्ता?”

“पत्ता पण झाका.”

“मग आपल्याच गावचा आहे हे कसं कळणार?”

यावर मंडळातले अण्णा एक ठराव मांडतात : ज्याच्या नात्यातला अर्जदार असेल त्याने त्या अर्जापुरते बाहेर बसावे. ठराव एकमताने मंजूर होतो. पहिला अर्ज निघतो. वाचणारे तिघे एकमेकांकडे बघतात आणि उठतात : एकाचा भाचा, दुसऱ्याच्या साडूचा पुतण्या, तिसऱ्याच्या भावकीतला. चौथा उरतो, त्याच्या घरी त्या मुलाच्या आत्येशी सोयरिकीचे बोलणे चालू आहे, तोही चप्पल शोधायला लागतो. सभामंडपात अर्ज आणि गुरुजी उरतात. गुरुजींनी त्या मुलाला शिकवलेले असते, म्हणून तेही दारापर्यंत जातात.

नाना इतका वेळ खांबाला टेकून ऐकत असतात. त्यांचा बैलगाडा आहे. ते म्हणतात, “घाटात दोन-दोनशे गाडे धावतात. टोकन निघतं, निशाण पडतं, घड्याळवाला सेकंद सांगतो, वहीत लिहिलं जातं. पाच हजार माणसांसमोर. सांजच्याला घाटाचा राजा ठरतो. तुमच्या पोरांचं का न्हाई ठरत?”

“नाना, पोरं काय बैल आहेत का?”

“न्हाईत ना. म्हणून तर इचारतो. बैलाला तीन वर्षं न्यायालयात थांबवलं तरी शेवटी पळू दिलं.”

नानांचा हिशेब जरा हुकलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०१४ ची, शर्यती परत सुरू झाल्या डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे बैल सात वर्षे थांबले. पण नानांना दुरुस्त करायला कोणी उठत नाही, कारण उठलेले सगळे अजून बाहेर आहेत.

ते परत येऊन बसल्यावर सेक्रेटरी, हा मुंबईत एका कंपनीत हिशेबनीस, घसा साफ करून आजवर राहून गेलेली एक बाब सभेपुढे ठेवतो. शिष्यवृत्त्या दहा आहेत. अर्ज आलेत सात. अर्जाचा नमुना नऊ पानी झाल्यामुळे बाकीच्यांनी तो अर्ध्यात सोडला असावा, असे त्याचे मत.

“मग द्या की सातांना वाटून,” नाना म्हणतात.

“तसं नाही करता येत. चार टप्पे आत्ताच मंजूर केलेत.”

चर्चेअंती ठरते ते असे. सातही अर्जांची चारही टप्प्यांत छाननी व्हावी. उरलेल्या तीन जागांसाठी दिवाळीपर्यंत मुदतवाढ द्यावी. आणि छाननीत पहिल्या अर्जावर फोटो नाही असे दिसून आल्याने, तो त्रुटीपूर्ततेसाठी परत पाठवावा. अर्जदार बाहेरच पायरीवर मोबाइल बघत बसलेला असतो, पण अर्ज त्याला पोस्टानेच पाठवायचा असे ठरते, म्हणजे पोच राहते. तेवढ्यात लाऊडस्पीकरवरून टोकन वाटप सुरू झाल्याचा पुकारा होतो आणि चारही समित्या घाटाकडे पळतात.